उचल कुणी दिली?

बालाघाटात सायकलवरून फिरणाऱ्या माणसाला चढापेक्षा प्रश्न जास्त दमवतात. चढ निदान माथ्यावर जाऊन संपतो. प्रश्न दर फाट्यावर पहिल्यापासून सुरू होतात आणि त्यांचा क्रमही ठरलेला असतो. पहिला, कुठून आलात? दुसरा, कुठं निघालात? तिसरा, गाडीला काय झालं? (म्हणजे मोटारसायकलीला. धडधाकट माणूस सायकलवर दिसला की त्याची खरी गाडी कुठेतरी बंद पडली असणार, हे गृहीतच धरलेलं असतं.) मग जरा थांबून, आवाज थोडा खाली आणून, चौथा: कशाला?

पहिल्या तीन प्रश्नांना उत्तरं असतात. चौथ्याला नसतं. आणि बीड जिल्ह्यात चौथ्याचं उत्तर नसलं की पहिली तीन उत्तरंही संशयास्पद ठरतात. कारण इथं विनाकारण कुणी कुठं जात नाही. कोर्टाची तारीख असते, सातबाऱ्याचं काम असतं, कुणाचा दहावा, कुणाची सोयरीक, कुणाचा दवाखाना. ज्याला यातलं काहीच नाही तो पारावर बसतो. बसणं हेही एक कारणच आहे. पण काहीच काम नसताना घरातून उठून, स्वतःच्या पायांनी, उन्हातान्हात मांजरसुंब्याचा घाट चढणारा माणूस कोणत्याच खान्यात बसत नाही. आणि अशी दोन माणसं एकामागे एक चाललेली दिसली, तर गावाला तपास केल्याशिवाय चैन पडत नाही.

त्या दोनांतला एक मी. दुसरे आमचे मास्तर. मास्तर कॉलेजात भूगोल शिकवतात. त्यांना आष्टी तालुक्याचा भूगोल येतो, पण फ्रान्सचा पाठ आहे. त्यांचं म्हणणं असं की, फ्रान्सच्या मध्यभागी जो डोंगराळ प्रदेश आहे, मासिफ सेंत्राल नावाचा, तो आणि आपला बालाघाट यांत मुळात फरक नाही. तिकडचे पुष्कळ डोंगर लाव्ह्याचे, आपलेही लाव्ह्याचे. तिकडेही पठार, दऱ्या, चराऊ माळ आणि शहराकडे निघून गेलेली तरुण मंडळी. इकडेही तेच. तिकडे जगभरातून लोक सायकली घेऊन येतात, खेड्याखेड्यांतून आठवडाभर रमतगमत फिरतात, चढावर घाम गाळतात आणि त्याचे पैसेही देतात. मग इकडे का येत नाहीत? मास्तरांच्या मते प्रसिद्धी कमी पडते. माझ्या मते चौथा प्रश्न आडवा येतो.

मास्तरांनी एक गुरूही केला आहे. पॉल द व्हिव्ही नावाचा फ्रेंच गृहस्थ, टोपणनाव व्हेलोसिओ, जन्म १८५३, गाव सेंत-एतिएन. सायकलवरचं पर्यटन म्हणून आज जे काही चालतं, त्याचा हा आद्यपुरुष. चढासाठी वेगळा गिअर आणि सपाटीला वेगळा, या मताचा त्याने आयुष्यभर प्रचार केला. तो शाकाहारी होता. त्याने सायकलस्वारांसाठी सात आज्ञा घालून दिल्या. भूक लागायच्या आत खावं, तहान लागायच्या आत प्यावं, दमायच्या आत नव्हे पण फार दमायच्याही आत थांबावं, आणि केवळ दिमाखासाठी पायडल मारू नये, असा त्यांचा एकूण रोख. मास्तर या आज्ञा पाळतात. तहान लागायच्या आत पाणी पिण्याची आज्ञा त्यांनी एकदा मे महिन्यात पाटोदा तालुक्यातल्या एका वस्तीवर मोठ्याने समजावून सांगितली होती. वस्तीवर टँकर यायचा होता. ऐकणाऱ्या बाईंनी मास्तरांच्या हातात पाण्याचा तांब्या दिला आणि म्हणाल्या, "प्या सर, तुमची तहान तरी टायमावर येती."

१९३० साली व्हेलोसिओ गेला. ट्रामची धडक बसली तेव्हा तो सायकल हातात धरून पायी चालला होता. या घटनेचा मास्तरांनी काढलेला अर्थ असा की सायकल हातात धरून चालणं धोक्याचं. त्यामुळे कितीही खडा चढ आला तरी मास्तर उतरत नाहीत. मांजरसुंब्याच्या घाटात त्यांचा वेग इतका कमी होतो की शेजारून चालणाऱ्या शेळ्या पुढे जातात. पण मास्तर सीटवर असतात. बालाघाटात ट्राम नाही, हे मी त्यांना अनेकदा सांगितलं आहे.

हा घाट तसा मोठा नाही. बीड सोडलं की धुळे–सोलापूर महामार्गाने पालीपर्यंत रस्ता सरळ जातो, शेजारी बिंदुसरेचं धरण दिसतं, आणि मग डोंगर सुरू होतो. फ्रान्सचा माँ व्हाँतू १९०० मीटरच्या वर आहे. आपल्याकडे त्याच्या अर्ध्यावर काम भागतं. पण तिकडच्या घाटांत सायकलवाल्यांसाठी दर किलोमीटरला पाटी असते. माथा किती दूर, पुढचा चढ किती टक्के, आपण समुद्रसपाटीपासून किती उंच, सगळं लिहिलेलं. माणूस वाचतो, घाबरतो आणि चढतो. आपल्याकडे पाटीवर एवढंच असतं की हे अपघातप्रवण क्षेत्र आहे, आणि त्याच्या शेजारच्या फ्लेक्सवर चाळीस जणांचे फोटो असतात, ज्यांतल्या एकाचा वाढदिवस असतो. बाकी माहिती माणसांकडून घ्यायची.

माणसांच्या माहितीला माप नसतं, मन असतं. समोरचा किती थकलाय हे बघून अंतर सांगायची इथली रीत आहे. लिंबागणेश किती राहिलं, असं विचारलं की म्हातारा आधी तुमच्या तोंडाकडे बघतो. चेहरा बरा असेल तर म्हणतो, "आसंल की आठ-धा." तोंडाला फेस आला असेल तर म्हणतो, "हे काय, आलंच. त्या लिंबाच्या पलीकडं." लिंबाच्या पलीकडे आणखी लिंब असतात. हा खोटेपणा नव्हे. खरं अंतर सांगून माणसाचं अवसान घालवण्यात काय पुण्य आहे? फ्रेंच सरकारला एवढा पोच असता तर त्यांनी टक्केवारीच्या पाट्या कधीच काढून टाकल्या असत्या.

मास्तरांना वाटतं की बालाघाटातले पहिले सायकल-पर्यटक आम्ही. हे मला मान्य नाही. आमच्या लहानपणी या घाटांतून सायकली जायच्या, आणि त्या हलक्या नसायच्या. दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या अडकवून दूधवाले पहाटे बीडला उतरायचे. पोस्टमन वाडीवस्तीवर पत्रं न्यायचा आणि बहुतेक वेळा ती वाचूनही दाखवायचा. आणि उन्हाळ्यात यायचा गारीगारवाला. कॅरिअरवर लाकडी पेटी, पेटीत बर्फ, हँडलला भोंगा. बाकीच्या प्रवाशांना फक्त चढाशी झुंजायचं होतं, गारीगारवाल्याला चढ आणि ऊन अशा दोघांशी. घाटात दहा मिनिटं जास्त गेली की भांडवल वितळून रस्त्यावर सांडायचं. जगातल्या कुठल्याही शर्यतीत सायकलस्वारावर असा दबाव आला असेल असं मला वाटत नाही. एकच गिअर, वीस-पंचवीस किलोची काळी सायकल, घसरणारी चेन, आणि वर पोचल्यावर उत्साहाने भोंगा वाजवायचा. कारण पोरं भोंग्यालाच भुलायची. त्याला कुणी कशाला असं विचारलं नाही. कशाला ते पेटीत होतं.

गिअरचा मुद्दा निघालाच आहे तर सांगतो. तूर द फ्रान्स सुरू करणारे संपादक आन्री देग्रांज यांचा गिअर बदलण्याच्या यंत्राला कडवा विरोध होता. असली सोय पंचेचाळिशीपुढच्यांनी वापरावी, खऱ्या मर्दाने स्नायूंवर जिंकावं, असं त्यांचं मत. १९०२ साली डोंगराळ रस्त्यांवर चाचणी झाली, तेव्हा मार्त एस नावाच्या बाईंनी तीन गिअरची सायकल चालवून एका गिअरवरच्या नामवंत खेळाडूला मागे टाकलं. देग्रांज तरीही बधले नाहीत. त्यांच्या शर्यतीत चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर टाकणाऱ्या गिअरला परवानगी मिळायला १९३७ साल उजाडावं लागलं. मधली पस्तीस वर्षं मोठमोठे खेळाडू आल्प्सच्या पायथ्याशी खाली उतरून, मागचं चाक काढून, उलटं बसवून चढत होते.

हा इतिहास मास्तरांनी मला पाटोद्याकडच्या एका चढावर ऐकवला. त्यांच्या सायकलीला बावीस गिअर आहेत. त्यांतल्या कुठल्या गिअरवर थांबावं याचा त्यांचा विचार चालू असतानाच मागून शाळेच्या गणवेशातल्या तीन मुली आल्या. मानव विकास कार्यक्रमात आठवीपासूनच्या मुलींना शाळेत जायला सायकल मिळते, तशा त्यांच्या सायकली. गिअर नाही, पुढच्या जाळीत दप्तर, एकीच्या मागे धाकटा भाऊ बसलेला. तिघी गप्पा मारत आमच्या बाजूने निघून गेल्या. त्या धाकट्या भावाने मागे वळून मास्तरांना टाटा केला. मास्तर पंचेचाळिशीच्या पुढचे आहेत, हे इथं नोंदवून ठेवतो.

आता हंगामाविषयी. बालाघाटात सायकल चालवायला उत्तम काळ म्हणजे दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत. पाऊस थांबलेला, नद्यानाल्यांना थोडं पाणी, माळावर गवत अजून पूर्ण वाळलेलं नाही, हवा थंड. नेमक्या याच दिवसांत गावं रिकामी होतात. दसरा झाला की ट्रक आणि ट्रॅक्टर येऊन उभे राहतात आणि पाटोदा, शिरूर, आष्टी, केज, धारूर, वडवणी या डोंगरी तालुक्यांतून माणसं ऊसतोडीला निघतात. संपूर्ण जिल्ह्यातून काही लाख. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून आधी उचल घेतलेली असते, ती फेडायला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात, जिथं कारखाना असेल तिथं जायचं, आणि पट्टा पडला की उन्हाळ्याच्या तोंडाशी परत यायचं. म्हणजे आम्ही ज्या थंडीच्या हौसेने घाट चढत असतो, त्याच थंडीत समोरून संसार लादलेला ट्रक घाट उतरत असतो. वर भांडी, सरपण, शेळी, कोंबड्यांची डालगी आणि पोरं. पोरं आम्हाला बघून ओरडतात. आम्ही हात करतो. दोघांनाही समोरचा काय करतोय ते नीट कळलेलं नसतं.

गावात मागे उरतात म्हातारेकोतारे आणि शाळेची पोरं. आमचे परीक्षक ते हेच. त्यांच्याकडे वेळ असतो आणि त्यांना नातवंडांखेरीज बोलायला कुणी नसतं. अशाच एका पारावर पागोटंवाल्या आबांनी आमची पूर्ण चौकशी केली. बीडहून आलो. सौताड्याला निघालो. गाडी बंद पडली नाही, ती घरी आहे, चालू आहे. आबांनी ते पचवलं. मग विचारलं, "किती किलोमीटर झालं म्हणायचं हे सगळं?" मास्तरांनी आकडा सांगितला. आबांनी मनातल्या मनात हिशोब केला आणि अगदी आपुलकीने विचारलं, "मंग उचल कुणी दिली?"

मास्तर म्हणाले, कुणीच नाही, आम्ही हौसेने करतो. आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. इतक्या लांबच्या कष्टाला कुणीतरी आगाऊ पैसे दिले असणार, नाहीतर माणूस तयार कसा होईल, हा विचार चुकीचा म्हणता येत नाही. शेवटी ते म्हणाले, "फसवलं असंल कुणीतरी," आणि चहा मागवला.

मास्तरांना हे लागलं. फ्रान्समध्ये असं कुणी विचारत नाही, असं ते पुढचे चार किलोमीटर म्हणत होते. मी म्हटलं, मास्तर, फ्रान्समध्येही उचल होतीच. पॅरिस ते ब्रेस्त आणि परत, अशी १२०० किलोमीटरची शर्यत १८९१ साली सुरू झाली ती एका वृत्तपत्राने केली. ती जिंकणाऱ्या शार्ल तेराँच्या सायकलीला मिशलँ बंधूंचे काढता-घालता येणारे टायर होते, आणि मिशलँचा कारखाना तुमच्याच मासिफ सेंत्रालातला. १९०३ ची पहिली तूर द फ्रान्स भरवली ती देग्रांजच्या पेपरचा खप वाढावा म्हणून. म्हणजे पेपर खपवायचा, टायर खपवायचा, यासाठी माणसं डोंगर चढली. आबांचा अंदाज फ्रान्सलाही लागू पडतो. मास्तर म्हणाले, व्हेलोसिओला कुणी उचल दिली नव्हती. मी म्हटलं, तो सायकली विकायचा. त्यानंतर बराच वेळ फक्त चेनचा आवाज येत होता.

पॅरिस–ब्रेस्त–पॅरिस अजून चालू आहे. आता ती शर्यत राहिलेली नाही. ९० तासांत पूर्ण केली की झालं, आणि दर चार वर्षांनी आपल्याकडचेही बरेच सायकलस्वार जातात. वाटेतली खेडी रात्री-अपरात्री घरासमोर टेबल मांडून येणाऱ्या-जाणाऱ्याला कॉफी आणि पाणी देतात. या शर्यतीच्या नावाने चाकाच्या आकाराची एक मिठाईही आहे, आत मलई भरलेली. हे ऐकून मला आपल्या भागाचा अभिमानच वाटला. बालाघाटात टेबल मांडायला शर्यत लागत नाही. सायकल थांबली की पाणी येतं, पाण्यामागे चहा येतो, आणि जेवायची वेळ असेल तर धपाटे आणि दही येतं, किंवा भाकरी आणि येसराची आमटी. पैसे विचारले तर राग येतो. फक्त त्याच्या बदल्यात तुमची जात सोडून बाकी सगळी माहिती सरळ विचारली जाते, आणि जात आडनावावरून काढली जाते.

दसरा ते दिवाळी म्हणजे सीताफळांचेही दिवस. बालाघाटच्या डोंगरांत सीताफळ लावावं लागत नाही, ते आपलं आपण येतं, आणि बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. रस्त्याच्या कडेला बाया पाट्या घेऊन बसतात. सायकलस्वाराने भूक लागायच्या आत खावं ही आज्ञा पाळायला यापेक्षा चांगली जागा नाही. अडचण एकच आहे. सीताफळ घाईत खाता येत नाही आणि चालत्या सायकलवर तर अजिबात नाही. बिया थुंकायला दोन्ही हात मोकळे लागतात, हे वाचायला विचित्र वाटेल, पण करून बघा. मास्तरांनी खिशात एक पिकलेलं फळ ठेवून उतार धरला होता. धारूरच्या घाटातली वळणं आणि तेलगावकडचे धक्के सोसून खाली पोचेपर्यंत त्या खिशाचं जे झालं ते मी लिहीत नाही.

कुत्र्यांबद्दल मात्र लिहायला हवं. बालाघाटातली कुत्री ट्रकला, ट्रॅक्टरला, मोटारसायकलला काही करत नाहीत. त्यांना त्यांची सवय आहे. सायकलही त्यांना ठाऊक आहे, शाळेच्या पोरी रोज जातात, त्यांच्याकडे ती मान वर करूनही बघत नाहीत. त्यांचा राग हेल्मेट, काळा चष्मा आणि घट्ट चड्डी यांवर आहे, आणि या बाबतीत गावातल्या वडीलधाऱ्यांचं आणि त्यांचं एकमत असावं. धनगरांच्या वाड्यावरची कुत्री तर दुरूनच अंदाज घेतात. अशा वेळी पळवायची नाही, उतरून हळू बोलायचं, हा उपाय अनुभवी लोक सांगतात. मास्तर ट्राममुळे उतरत नाहीत. त्यामुळे त्यांचे सगळ्यांत वेगवान किलोमीटर चढावरचे आहेत.

मांजरा नदी पाटोदा तालुक्यात गौखाडीजवळ उगम पावते. तिचा उगम बघायचा म्हणून आम्ही एकदा त्या बाजूला वळलो होतो. ही नदी इथं जन्मते, केज तालुक्यात धनेगावला तिच्यावर धरण आहे, पाणी लातूरला जातं, आणि ती स्वतः कर्नाटक, तेलंगण करत शेवटी गोदावरीला मिळते. जिल्ह्याची रीत नदीनेही पाळलेली आहे.

पुढे सौताड्याला विंचरणा नदी एकदम दरीत उडी घेते. खाली रामेश्वराचं देऊळ आहे. पावसाळ्यात इथं गर्दी असते. आम्ही गेलो तेव्हा पाणी बारीक होतं आणि सगळं वातावरण निवांत. खाली उतरायला पायऱ्या, त्यामुळे सायकली वर ठेवाव्या लागल्या. नारळवाल्या मावशींना विचारलं, जरा लक्ष ठेवाल का? त्या म्हणाल्या, "राहू द्या की. कोण नेतंय?" हे आश्वासन होतं की किमतीविषयीचं मत, हे मास्तरांना अजून ठरवता आलेलं नाही.

आता फ्रेंच व्हॉल्व्हची गोष्ट. मास्तरांच्या सायकलीच्या ट्यूबला बारीक, उंच, वर पितळी खिळी असलेला व्हॉल्व्ह आहे. त्याला जगभर फ्रेंच व्हॉल्व्हच म्हणतात. केजच्या अलीकडे एका फाट्यावर मास्तरांचं चाक बसलं. स्वतःचा पंप त्यांनी वजन कमी करायला घरी ठेवला होता. फाट्यावर पंक्चरचं दुकान होतं, कॉम्प्रेसर होता, ट्रकच्या टायरात हवा भरून देणारा तरबेज पोरगा होता. त्याने पंक्चर पाच मिनिटांत काढलं. पण हवा काही जाईना. कॉम्प्रेसरचं तोंड मोठं, व्हॉल्व्ह बारीक. पोराने चिंधी लावून पाहिली, रबर लावून पाहिलं. भोवती दहा-बारा जण जमले. प्रत्येकाने व्हॉल्व्ह दाबून बघितला, आणि जी काय चार शिंकांएवढी हवा आत गेली होती ती आळीपाळीने बाहेर काढली. मास्तर सगळ्यांना व्हॉल्व्हचं शास्त्र सांगत होते. ऐकणारे मान डोलवत होते आणि दाबत होते.

शेवटी पलीकडच्या पत्र्याच्या घरातून पोराचे आजोबा उठून आले. त्यांनी व्हॉल्व्हकडे एकदा बघितलं, काही न बोलता आत गेले आणि एक जुना हातपंप घेऊन आले. पायाने दाबून धरायचा, लाकडी मुठीचा. कधीकाळी त्यांचं भाड्याने सायकली द्यायचं दुकान होतं, त्या काळातला. त्याच्या नळीच्या टोकाची आटी फ्रेंच व्हॉल्व्हवर अशी बसली, जणू दोघं एकाच कारखान्यातून आले असावेत. खरं म्हणजे यात चमत्कार काही नाही. आपल्या जुन्या काळ्या सायकलींच्या व्हॉल्व्हची आटी आणि या फ्रेंच व्हॉल्व्हची आटी जवळपास एका मापाची असते, म्हणून एकाचा पंप दुसऱ्याला चालतो. पण आजोबांना हे सांगायची गरज नव्हती. ते पंप मारत मारत मास्तरांना म्हणाले, "जुनीच सायकल हाय की ही. नवा रंग दिलाय."

पैसे घेतले नाहीत. चौथा प्रश्न मात्र विचारला. तेव्हा मास्तरांनी प्रथमच पवित्रा बदलला. ते नास्तिक आहेत, निदान कॉलेजात तरी. पण दोन तास उन्हात बसून त्यांचं तत्त्वज्ञान मऊ झालं असावं. ते म्हणाले, "परळीला निघालोय. वैजनाथाला." जमलेल्या सगळ्यांचे चेहरे एकदम मोकळे झाले. असं होय! मग आधी नाही का सांगायचं? दहा-बारा जणांनी रस्ता सांगितला, अंबाजोगाईत मुक्काम कुठं करायचा ते सांगितलं, योगेश्वरीचं दर्शन चुकवू नका म्हणाले, मुकुंदराजांची समाधी वाटेतच आहे म्हणाले. एकाने फोन करून परळीच्या पाहुण्यांना कळवलंसुद्धा. त्यामुळे आम्हाला खरोखर परळीला जावं लागलं.

कारण असलं की माणूस किती सहज स्वीकारला जातो याचं दुसरं उदाहरण आष्टी तालुक्यात आहे. मांडव्याचा अविनाश साबळे पोरवयात शाळेला पळत जायचा. पुढे तो अडथळ्यांच्या शर्यतीत पळायला लागला, २०२२ ला राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक घेतलं, आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेतलं, आणि २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये, तेही पॅरिसला, तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोचणारा पहिला भारतीय पुरुष ठरला. अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायचं, हे काम आपल्या रस्त्यांवर सगळेच करतात, पण त्याला पदक मिळालं, तेव्हापासून तिकडे पहाटे पळणाऱ्या पोराला कुणी काही विचारत नाही. पदकाने कारणाची सोय लावून दिली. सायकलवाल्यांची अजून लागायची आहे.

तोवर, वाचकहो, तुम्ही या. बीडपर्यंत आता रेल्वेही आली आहे, २०२५ च्या मराठवाडा मुक्तिदिनी, कित्येक दशकं वाट पाहायला लावून. ऑक्टोबर-नोव्हेंबर गाठा. हलकी सायकल आणा, जुना पंप आणा, पिकलेलं सीताफळ खिशात ठेवू नका. कारणं आणायची गरज नाही, ती इथं जागोजाग तयार आहेत. मांजरसुंब्याला विचारलं तर कपिलधारला निघालो म्हणा, लिंबागणेशला गणपती आहे, पाटोद्यापुढे रामेश्वर, अंबाजोगाईला योगेश्वरी, परळीला वैजनाथ. केज-धारूरकडे देव आठवला नाही तर स्थळ बघायला आलो म्हणा, लोक मदत करतील आणि मुलीची माहितीही देतील. फक्त व्यायामासाठी आलो असं कुठंही म्हणू नका. कापूस वेचणीचे दिवस असतात, आणि मजूर मिळत नाहीत.